घरचा लिंबू सोडा: गॅस शेवटच्या घोटापर्यंत कसा टिकवायचा

पाणवठा

हॉटेलात वेटर "स्वीट की सॉल्ट?" विचारतो आणि मग जो लिंबू सोडा समोर येतो, तसा घरी होत नाही, अशी तक्रार बऱ्याच धाग्यांवर दिसते. घरी लिंबू, साखर, मीठ सगळं नीट मोजलं जातं, पण सोडा फ्रिजच्या दारातून काढून धबाधबा ओतला जातो. या पेयात गॅस हाच मुख्य जिन्नस आहे. तो सांभाळला की बाकीचं सोपं आहे.

एका ग्लासाचं प्रमाण देतो. ग्लास ३५० ते ४०० मिलिचा, उंच घ्या.

कागदी लिंबाचा गाळलेला रस २० मिलि, साखरेचा पाक ३० मिलि, मीठ पाव ग्रॅमच्या जरा वर, सोडा २०० मिलि, बर्फ ८० ते १०० ग्रॅम.

पाक म्हणजे साखर आणि पाणी वजनाने सारखं. ५०० ग्रॅम साखर, ५०० ग्रॅम पाणी. यातून साधारण ८१० मिलि पाक होतो. गॅसवर ठेवायची गरज नाही, खोलीच्या तापमानाला दहा-पंधरा मिनिटं अधूनमधून ढवळलं की साखर विरघळते. ३० मिलि पाकात साडेअठरा ग्रॅम साखर येते, म्हणजे बर्फ सोडून ग्लासात सात टक्क्यांच्या आसपास. बाजारातली बहुतेक गोड शीतपेयं दहा-अकरा टक्क्यांची असतात, त्यामुळे ज्यांना तशी सवय आहे त्यांनी पाक ४० मिलि घ्यावा. त्याच्या वर गेलं की लिंबू दबतं.

क्रम असा: ग्लासात रस, पाक, मीठ. चमच्याने पूर्ण एकजीव करा, मीठ विरघळलंच पाहिजे. मग बर्फ. मग ग्लास तिरका धरून सोडा काठावरून सावकाश सोडा. शेवटी लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला. ढवळायचं नाही.

सोडा किमान आठ तास फ्रिजच्या आतल्या, मागच्या भागात हवा. दारातलं तापमान वरखाली होत राहतं.

दुपारचा_चहा

हे सगळं करूनही सोडा ओतला की फेस भसकन वर येतो, अर्धा उतू जातो. वरून पादेलोण आणि जिरेपूड भुरभुरली की तर विचारूच नका. आणि मग पेय बेचव. असं का होतं?

खलबत्ता

दुपारचा_चहा, कोरडी पूड वरून टाकणं हेच कारण. विरघळलेल्या गॅसला बुडबुडा व्हायला आधार लागतो. मिठाचा कण, जिऱ्याचा कण, लिंबाचा गर, ग्लासावरचा टॉवेलचा धागा, बर्फावरचं पांढरं भुसभुशीत हिम, या सगळ्यांच्या खाचांत हवेचे बारीक कप्पे अडकलेले असतात. गॅस त्या कप्प्यांत शिरतो, बुडबुडा मोठा होऊन सुटतो, त्या जागी दुसरा तयार होतो. पूड टाकली की असे हजारो आधार एका क्षणात मिळतात.

म्हणून मीठ कोरडं वापरूच नका. २० ग्रॅम पादेलोण ८० मिलि कोमट पाण्यात विरघळवा, निवू द्या, मलमलच्या चार पदरी कापडातून गाळा (तळाला माती आणि काळे कण राहतात, ते टाकून द्या) आणि ड्रॉपरच्या बाटलीत भरा. गोड ग्लासाला दीड मिलि, खाऱ्याला ५ ते ६ मिलि. ही बाटली फ्रिजमध्ये टिकते. पादेलोण आधीपासून लिंबाच्या पाकात मिसळून ठेवू नका. त्याचा जो विशिष्ट गंधकी वास आहे तो आम्लात उडून जातो आणि तीन-चार दिवसांत नुसतं खारट उरतं.

जिरं हवं असेल तर भाजून भरडसर कुटा आणि १ टेबलस्पून जिरं २०० मिलि गरम पाकात झाकून २० मिनिटं ठेवा, मग कापडाने गाळा. जिऱ्याची चव पूर्ण येते आणि कण एकही जात नाही.

बर्फाबद्दल: फ्रीझरमधून काढलेला बर्फ चाळणीत घेऊन त्यावर थंड पाणी फिरवा, पाणी निथळू द्या. पृष्ठभाग गुळगुळीत आणि ओला झाला की फेस निम्म्याहून कमी होतो. मोठे खडे घ्या, चुरा नको.

ग्लास हाताने धुऊन पालथा वाळवा. कापडाने आतून पुसू नका.

बाष्प

खलबत्ता यांच्या मुद्द्याला तापमानाचे आकडे जोडतो, म्हणजे थंडपणावर एवढा जोर का ते कळेल.

साध्या वातावरणाच्या दाबाला एक लिटर पाण्यात ० अंशाला सुमारे ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो. १० अंशाला २.३, २० अंशाला १.७ आणि ३० अंशाला जेमतेम १.३ ग्रॅम. बाटलीतल्या कडक सोड्यात तो लिटरला सात-आठ ग्रॅम कोंबलेला असतो. झाकण उघडलं की जास्तीचा गॅस बाहेर पडू लागतो. पेय थंड असेल तर तो हळू निघतो, कोमट असेल तर धावत सुटतो.

आता एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सोडा ४ अंशाला आहे, पण रस आणि पाक ओट्यावर ३० अंशाला आहेत. ५० मिलि आणि २०० मिलि एकत्र केले की मिश्रण ९ अंशाच्या वर जातं. म्हणजे सोडा रात्रभर थंड करून मिळवलेल्या थंडपणाचा पाचवा हिस्सा तिथेच वाया. त्यामुळे पाक, रस, मिठाचं पाणी आणि ग्लास हे चारही फ्रिजमध्ये हवेत. ग्लास दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवला तरी चालतो, पण त्यावर आतून हिम धरू देऊ नका, वर सांगितलेल्याच कारणासाठी.

बांधावरून

लिंबाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडचं कागदी लिंबू पातळ सालीचं, रसात साडेसहा-सात टक्क्यांपर्यंत सायट्रिक आम्ल असलेलं. मध्यम आकाराच्या फळातून १५ मिलिच्या आसपास रस निघतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई शरबती आणि फुले शरबती, परभणीच्या कृषी विद्यापीठातून आलेल्या विक्रम आणि प्रमालिनी, या सगळ्या कागदी लिंबाच्याच जाती. बाजारात जात सांगून कोणी विकत नाही, त्यामुळे हातात घेऊन निवडा. पिवळसर झाक आलेलं, साल गुळगुळीत आणि चमकदार, आकाराच्या मानाने जड. गडद हिरवं, खडबडीत सालीचं, टणक फळ कच्चं असतं. त्यात रस कमी आणि कडवटपणा जास्त.

आंबे बहाराचा (हिवाळ्याच्या अखेरीस फुललेला) माल पावसाळ्याच्या सुमारास येतो तेव्हा लिंबू स्वस्त असतं. सोड्याला मागणी मात्र मार्च ते मे, आणि त्या वेळी बाजारात येतो तो हस्त बहाराचा (पावसाळ्याच्या अखेरीस फुललेला) थोडा माल. भाव चढतो तो यामुळेच. म्हणून रस पावसाळ्यात काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवणं हिशोबाचं ठरतं. गोठल्यावर खडे हवाबंद पिशवीत काढून घ्या, नाहीतर फ्रीझरचा वास लागतो. पाण्यात किंवा गरम करून वितळवू नका, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा.

कडूपणा कुठून येतो हेही सांगतो. बिया आणि सालीखालचा पांढरा भाग यांतल्या द्रव्याचं आम्लात हळूहळू लिमोनिन होतं. पिळल्या पिळल्या रस गोड-आंबट लागतो आणि सहा-आठ तासांनी कडू होतो, तो या लिमोनिनमुळे. बी फुटू देऊ नका. स्क्वीझरचे दांडे एकदा पूर्ण दाबा आणि थांबा. शेवटचे चार थेंब काढायला पुन्हा पुन्हा पिळलं की साल आणि पांढरा भाग चिरडतो. आणि पिळल्याबरोबर गाळा. बियांसकट रस तासभर ठेवला की नंतर गाळून काही उपयोग नाही.

मेपलखाली

छान धागा. इथे कॅनडात कागदी लिंबू सहज मिळत नाही. पिवळे लेमन आणि मोठी, बिनबियांची हिरवी लाइम मिळतात. प्रमाण कसं बदलायचं? आणि साल वापरली तर चालते का?

बांधावरून

मेपलखाली, पिवळ्या लेमनच्या रसात आम्ल पाच टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे २० ऐवजी २५ ते २७ मिलि घ्या. एका फळात ४० मिलिपर्यंत रस निघतो. बिनबियांची लाइम सहा टक्क्यांजवळ जाते, तिचा रस २० ते २२ मिलि पुरे.

साल वापराच. रसात आंबटपणा असतो, लिंबाचा वास मात्र बहुतेक सालीतल्या तेलात असतो. तुमच्याकडच्या फळांवर मेणाचा थर असतो. आधी कडकडीत गरम पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून ब्रशने घासा आणि पुसून घ्या. दोन पिवळ्या लेमनची साल बारीक किसणीवर फक्त रंगीत थरापुरती किसा. पांढरं दिसलं की थांबा. हा कीस ५०० ग्रॅम साखरेत बोटांनी चोळा, डब्याचं झाकण लावून दोन-तीन तास ठेवा. साखर ओलसर होते आणि तेल शोषून घेते. मग खोलीच्या तापमानाचं ५०० ग्रॅम पाणी घालून विरघळवा आणि कापडातून गाळा. उकळू नका, तेल उडून जातं.

आपल्या कागदी लिंबाची साल फार पातळ असते, तिथे किसणी चटकन पांढऱ्या भागात जाते. त्यामुळे तेवढ्याच साखरेला चार लिंबं, आणि किसणीवर प्रत्येक जागी एकदाच फिरवायचं.

गवतीचहा

> उकळू नका

याला पूर्ण अनुमोदन, आणि रसाच्या बाबतीत तर दुप्पट. गरम पाकात लिंबू पिळणं ही फार पसरलेली सवय आहे. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की लिंबाच्या वासातलं सिट्रल मोडतं आणि पेयाला शिजलेला, औषधी वास येतो. पाक पूर्ण निवल्यावरच रस घाला.

गवती चहा, आलं, पुदिना यांबद्दल थोडं. गवती चहाच्या पाती कापून चुरगळा आणि आच बंद केलेल्या गरम पाकात झाकून १५ मिनिटं ठेवा. ५०० मिलि पाकाला २० ग्रॅम पाती पुरतात, जास्त वेळ ठेवलं तर गवताचा उग्रपणा येतो. आलं किसून पिळा आणि रस वाटीत अर्धा तास ठेवा. तळाला पांढरं पिठूळ बसतं, ते घेऊ नका. वरचा स्वच्छ रस ग्लासाला ५ मिलि. पुदिना कधीच वाटू नका. वाटलेल्या पानांचे कण गॅस घालवतात आणि रंगही काळपट होतो. चार-पाच पानं तळहातावर टाळी देऊन बर्फाबरोबर टाका, वास पुरेसा उतरतो.

गूळ आणि मध या पेयात नकोत असं माझं स्पष्ट मत आहे. दोघांतले प्रथिनांसारखे घटक फेस धरून ठेवतात, गुळाने रंग गढूळ होतो आणि लिंबाचा तजेला जातो. गुळाचं पन्हं करा, तिथे तो शोभतो.

दुपारचा_चहा

बाजारचा सोडा आणायचा नसेल तर खाण्याचा सोडा चिमूटभर घालतात ना? लिंबाशी मिळून फसफसतो.

बाष्प

फसफसतो, पण हिशोब करून पाहा. एक ग्रॅम खाण्याच्या सोड्यातून जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्यासाठी पाऊण ग्रॅम सायट्रिक आम्ल खर्च होतं. आपल्या २० मिलि रसात आम्ल आहे एकूण १.३ ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून जास्त आंबटपणा मारला गेला. बदल्यात उरतं सोडियम सायट्रेट, ज्याची चव खारट-साबणी असते, आणि सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं. रक्तदाब असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं. शिवाय ग्लास उघडा असल्यामुळे तो अर्धा ग्रॅम गॅसही बहुतेक हवेतच जातो. मिनिटभराचा फेस आणि मग मिळमिळीत पाणी.

याच कारणाने बोअरवेलच्या जड पाण्यात केलेला पाकही लिंबू फिकं करतो. पाण्याची क्षारता लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल तर ते पाणी लिटरमागे जवळजवळ ०.४ ग्रॅम सायट्रिक आम्ल गिळतं. पाकाला एवढंसंच पाणी लागतं म्हणून फरक थोडा, पण घरी सोडा बनवताना सगळंच पाणी तसं असेल तर चव जाणवण्याइतकी बदलते. तिथे फिल्टरचं पाणी वापरा. विकतच्या सोड्याचं लेबलही वाचा, काहींत सोडियम बायकार्बोनेट घातलेलं असतं. तो सोडा घेतला तर रस दोन-तीन मिलि वाढवा.

आंबवण

यीस्टचा मार्ग राहिला. प्लास्टिकच्या बाटलीत लिंबाचं सरबत, पाव चमच्याहून कमी यीस्ट, झाकण घट्ट, एक-दोन दिवसांत बाटली कडक, मग फ्रिज. गॅस बारीक आणि छान येतो, यंत्र लागत नाही. आल्याच्या विरजणाने हेच होतं.

बाष्प

गॅस छान येतो हे खरं, पण मग ते पेय अल्कोहोलविरहित म्हणता येणार नाही. यीस्ट साखरेचे जवळजवळ सारख्या वजनाचे दोन भाग करतं, एक कार्बन डायऑक्साइड आणि दुसरा अल्कोहोल. लिटरला ८ ग्रॅम गॅस तयार झाला तर ८ ग्रॅमच्या थोडं वर अल्कोहोल झालंच, म्हणजे आकारमानाने सुमारे एक टक्का. मवाळ फेसावर, लिटरला ५ ग्रॅम गॅसवर समाधान मानलं तरी ते ०.६ टक्क्याच्या वर जातं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत अल्कोहोलयुक्त पेयाची रेषा ०.५ टक्क्यावर आहे.

फ्रिजमध्ये यीस्ट झोपतं, मरत नाही. बाटलीत साखर शिल्लक असेतोवर दोन्ही वाढत राहतात. मुलं, गरोदर बायका, धर्माने किंवा औषधांमुळे अल्कोहोल वर्ज्य असलेले पाहुणे, यांच्यापुढे ठेवायचं असेल तर हा मार्ग बंद.

आंबवण

हिशोब मान्य. जे करणारच आहेत त्यांच्यासाठी एवढंच: काचेची बाटली अजिबात नको. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खोली ३८-४० अंशांवर असते, तिथे दोन दिवसांचं काम काही तासांत होतं आणि काच फुटते. आणि देताना "यात थोडं अल्कोहोल आहे" असं आधी सांगायचं.

नळीवाला

आता घरीच पाण्यात गॅस भरण्याबद्दल. तीन साधनं आहेत.

ओट्यावरचं सोडा मशीन सगळ्यात सोयीचं. त्याच्या छोट्या सिलिंडरमध्ये ४०० ग्रॅमच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड असतो. लिटरला किती भरता आणि किती वाया घालवता यावर तो पुरणं अवलंबून. नियम एकच: यंत्रात फक्त पाणी. रस किंवा पाक घालून गॅस सोडला की फेस नळीतून वर चढतो, झडप चिकट होते आणि दाब सुटायची वाटच बंद होते. हे धोक्याचं आहे.

पाणी ४ अंशांच्या खाली न्या, खुणेपर्यंतच भरा. बटण एकदाच दाबून धरण्यापेक्षा दोन-दोन सेकंद तीनदा दाबा, वीस सेकंद थांबा, दाब सोडा, पुन्हा तीनदा. पहिल्या फेरीत बाटलीतली आणि पाण्यातली हवा बाहेर जाते. हवा आत राहिली तर ती दाबातला वाटा खाते आणि उघडल्यावर स्वतःबरोबर गॅसही ओढून नेते. पुरेसं कडक होत नाही म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं इथेच चुकतं. भरल्यावर झाकण लावून तासभर फ्रिजमध्ये ठेवा.

सोडा सायफन म्हणजे जाड भिंतीची बाटली आणि ८ ग्रॅमची गॅसची कुपी. लिटरच्या सायफनला एक कुपी म्हणजे लिटरला जास्तीत जास्त ८ ग्रॅम, प्रत्यक्षात वरच्या मोकळ्या जागेत काही जातो. कुपी घेताना नीट पाहा. केकच्या दुकानात क्रीम फेटायच्या कुप्या अगदी तशाच दिसतात, पण त्यांत नायट्रस ऑक्साइड असतो. त्याने पाण्याला सोड्याची चरचर येत नाही.

तिसरं म्हणजे मोठा सिलिंडर, रेग्युलेटर आणि बाटलीला बसणारं झडपेचं झाकण. रोज चार-पाच लिटर लागणाऱ्या घरालाच परवडतं. गॅस खाद्य दर्जाचाच घ्या, वेल्डिंगचा नको. बाटली शीतपेयाची, प्लास्टिकची घ्या. साध्या पिण्याच्या पाण्याची बाटली दाबासाठी बनवलेली नसते. तीन-चतुर्थांश भरा, दाबून हवा काढा, झाकण लावा, रेग्युलेटर ३० पीएसआयवर ठेवून अर्धा-एक मिनिट हलवा. ४ अंशांच्या पाण्यात एवढ्या दाबाला कडक सोडा होतो, दाब वाढवायचं कारण नाही. चरा पडलेली, उन्हात राहिलेली किंवा गरम पाण्याने धुतलेली बाटली टाकून द्या. सिलिंडर उभा, भिंतीला बांधलेला, आणि खोली हवेशीर. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, बंद खोलीत गळला तर खाली साचतो.

जत्रेतल्या गोटी सोड्याची बाटली घरी भरता येईल का असं विचारलं जातं. हिरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७० च्या दशकात काढलेली ती रचना. बाटली उलटी धरून दाबाखाली भरतात, सुलटी होताना गोटी आतल्या दाबाने रबरी कड्यावर घट्ट बसते. भरायला वेगळं यंत्र लागतं, आणि जुन्या काचेच्या बाटलीला घरी दाब देणं जोखमीचं. घरी करू नका.

मेपलखाली

यंत्रात फक्त पाणी हे समजलं. पण मोठ्या सिलिंडरवर तयार लिंबू सोडाच बाटलीत भरता येत नाही का? सोड्यात पाक मिसळताना जो गॅस जातो तो वाचेल.

नळीवाला

येतो, आणि चवीला तोच सर्वांत कडक. अट एकच, रस आरशासारखा स्वच्छ हवा. गर राहिला तर झाकण उघडताच अर्धी बाटली छतावर.

रस स्वच्छ करायला चायना ग्रासची (अगर-अगरची) पूड वापरा. ७५० मिलि रसाला २५० मिलि पाणी आणि २ ग्रॅम पूड. पूड गार पाण्यात ढवळा, मग दोन-तीन मिनिटं सतत ढवळत उकळा. रस खोलीच्या तापमानाचा हवा, फ्रिजमधला थंड घेतला तर गुठळ्या होतात. उकळलेल्या पाण्यात रस बारीक धारेने ओतत फेटा. भांडं बर्फाच्या पाण्यात न हलवता अर्धा तास ठेवा. सैलसर दह्याइतपत बसलं की हलक्या हाताने मोडा आणि चार पदरी मलमलीतून गळू द्या. कापड पिळलं की गढूळपणा परत आला, तेव्हा नुसतं टांगून ठेवा. रसात चौथा हिस्सा पाणी आलंय म्हणून २० मिलिच्या जागी २७ मिलि धरायचे.

एक लिटरच्या बाटलीत स्वच्छ रस ८० मिलि, पाक ९० मिलि, पाणी ५८० मिलि. एकूण ७५० मिलि, वर मोकळी जागा. फ्रिजमध्ये रात्रभर, मग गॅस. साखरेच्या पाण्यात गॅस जरा कमी मावतो, त्यामुळे भरणं-हलवणं दोनदा करा. भरून झाल्यावर दोन तास हलवू नका आणि झाकण थोडं थोडं फिरवत उघडा.

ओटी_भरण

पंचवीस माणसांसाठी हिशोब हवा आहे. बारसं आहे, मे महिना, दुपारची वेळ. सोडा विकतचाच आणणार.

पाणवठा

पंचवीस ग्लासांना: रस ५०० मिलि, म्हणजे मध्यम ३५ लिंबं, पण ४० आणा. पाक ७५० मिलि, त्याला साखर ४६० ग्रॅम आणि पाणी ४६० ग्रॅम. मिठाचं पाणी ४० मिलि. सोडा ५ लिटर, म्हणजे ७५० मिलिच्या सात बाटल्या. एक-दोन जास्तीच्या ठेवा, कारण काहीजण दुसरा ग्लास मागतात. बर्फ अडीच किलो प्यायचा आणि बाटल्या थंड ठेवायला वेगळा पाच-सहा किलो.

दोन लिटरच्या बाटल्या घेऊ नका. अर्धी झाल्यावर वरच्या रिकाम्या जागेत गॅस निघत राहतो आणि शेवटचे चार ग्लास फिके होतात. बाटली दाबून हवा काढून झाकण लावण्याचा उपायही उलटा पडतो. प्लास्टिक पुन्हा फुगायला पाहतं आणि ती जागा सोड्यातल्या गॅसनेच भरते. उरलाच तर छोट्या बाटलीत तोंडापर्यंत भरून ठेवा.

बाटल्या घमेल्यात बर्फ-पाण्यात बुडवा, नुसत्या बर्फात नाही. पाणी बाटलीला सगळीकडून लागतं आणि अर्ध्या तासात थंड होते. मूठभर जाडं मीठ टाकलं की आणखी लवकर.

मोठ्या पातेल्यात सगळा सोडा एकदम मिसळून पळीने वाढणं टाळा. रस, पाक आणि मिठाचं पाणी एकत्र करून जगमध्ये ठेवा, ग्लासाला ५२ मिलि मापाने घाला आणि सोडा प्रत्येकाच्या ग्लासात ओता. एक माणूस माप घालायला, दुसरा सोडा ओतायला.

ओटी_भरण

रस आदल्या दिवशी काढला तर चालेल?

बांधावरून

सकाळी काढा. आदल्या दिवशी काढायचाच असेल तर लगेच गाळून, काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये. पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात मुळीच ठेवू नका, आम्ल धातू खातं आणि चव कळकते. लिंबं आदल्या रात्री धुऊन पुसून खोलीतच ठेवा, फ्रिजमधली थंड लिंबं रस कमी सोडतात.

साठवणीचं

वर्षभरासाठी तीव्र पाक करून ठेवायचा असेल तर पाणी वगळा. एक लिटर गाळलेल्या रसात ९२५ ग्रॅम साखर थंडच विरघळवा. वेळ लागतो, पण गरम करू नका. दीड लिटरच्या थोडं वर होतं, म्हणजे ५० ग्लास. ग्लासाला ३२ मिलि घेतलं की वरच्या २० आणि ३० मिलिइतकाच रस आणि साखर येते, आणि पाणी कमी गेल्यामुळे सोडा १८ मिलि जास्त मावतो. पेय जास्त चरचरीत होतं.

फ्रिजमध्ये आठवडाभर तसंच टिकतं. बाहेर टिकवायचं तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, किलोला ०.७ ग्रॅम. वरच्या मापाला १.४ ग्रॅम. अंदाजाने चिमूट घालू नका, दागिन्यांचा छोटा काटा वापरा. चमचाभर पाण्यात विरघळवून शेवटी मिसळा. बाटल्या उकळत्या पाण्यात २० मिनिटं ठेवून पूर्ण वाळवलेल्या हव्यात. कोकम, जांभूळ अशा रंगीत पाकाला मात्र हे नको, ते रंग उडवतं. तिथे सोडियम बेन्झोएट वापरतात. दम्याचा त्रास असणाऱ्यांना सल्फाइटने त्रास होऊ शकतो, त्यांच्यासाठी फ्रीझरमधले रसाचे खडेच बरे.

पाक भुरकट पडू लागला, झाकण उघडताना आपोआप सूं झालं किंवा तळाशी बुडबुडे दिसले तर तो आंबायला लागला आहे. फेकून द्या.

दुपारचा_चहा

मिठाचं पाणी करून, बर्फ धुऊन, पाक गार करून केला. उतू गेला नाही, गॅसही टिकला. आता सब्जा घालायचा आहे, कधी घालू?

खलबत्ता

चमचाभर सब्जा वाटीभर पाण्यात वीस मिनिटं पूर्ण फुगू द्या. मग गाळणीत निथळून फ्रिजमध्ये गार करा. कोरडा किंवा अर्धवट फुगलेला सब्जा सोड्यात टाकला की मिठासारखाच फेस येतो. फुगलेला गार सब्जा ग्लासाच्या तळाशी, रस-पाकाबरोबर आधी घाला, वर बर्फ, आणि सोडा सगळ्यात शेवटी.